डामाचा कागद

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेणं याला हॉस्पिटलात डामा म्हणतात. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही तो शब्द पाठ असतो. छापील कागद असतो, खाली सहीची जागा असते, परिणामांची जबाबदारी नातेवाइकांची असं त्यात लिहिलेलं असतं. मोठा माणूस डामा घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात जातो, कधी घरी जाऊन बराही होतो. व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळाचा डामा म्हणजे मात्र श्वासनळीतली नळी काढायची, बाळाला दुपट्यात गुंडाळायचं आणि जीपमध्ये आत्याच्या नाहीतर आजीच्या हातात द्यायचं. बहुतेकदा गाव येण्याआधीच ते जातं. वेदना कमी करणारं औषध नाही, ऊब नाही, आणि आई तर हॉस्पिटलातच असते. नवजात शिशुतज्ज्ञ म्हणून सोलापुरात काम करताना असे कागद मी बरेच पाहिले आहेत. त्यातला एक फाडला गेला, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

मंगळवेढ्याकडची मुलगी, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सव्वीसाव्या आठवड्यातच बीपी इतकं वाढलं की झटके यायची भीती होती, म्हणून सिझेरियन करावं लागलं. बाळाची फुफ्फुसं पक्व व्हावीत म्हणून आईला जी इंजेक्शनं देतात, त्यांचा कोर्स पुरा व्हायला वेळच मिळाला नाही. मुलगी झाली, ६८० ग्रॅमची. फुफ्फुसांसाठी सरफॅक्टंट दिलं, व्हेंटिलेटर लावला. पहिले दोन दिवस तिने आम्हाला आशाही दाखवली.

पाचव्या दिवशी सकाळी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी केली. डावीकडचा रक्तस्राव थेट मेंदूच्या पेशींमध्ये उतरला होता, म्हणजे चौथ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीचा. उजवीकडे तिसऱ्या श्रेणीचा. व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ८० टक्क्यांवर गेलेला, लघवी जवळजवळ बंद. इतक्या लहान बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. रक्तदाब जरा वरखाली झाला तरी त्या फुटू शकतात. जगण्याची शक्यता फारच थोडी होती, आणि जगलीच तर हातापायांची हालचाल, नजर, समज या सगळ्याला मोठा धक्का बसणार होता. मी हे तिच्या सासऱ्यांना, चुलत सासऱ्यांना आणि नवऱ्याला बसवून सांगितलं.

अर्ध्या तासाने सासरे परत आले. "मॅडम, आमचं ठरलंय. डामा द्या. आणि पोरीला काही सांगू नका, टाके ओले आहेत, बीपीची पेशंट आहे."

ती माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. जनआरोग्य योजनेत केस बसली होती, बिलाचा धाक नव्हता. मुलगी आहे म्हणून हात आखडला, असंही मला तिथे दिसलं नाही. इतरत्र ते मी पाहिलं आहे आणि तेव्हा माझा आवाज चढतो. इथे त्यांना बाळाचे हाल बघवत नव्हते आणि सुनेला जपायचं होतं. नवरा मात्र खाली मान घालून बसला होता. सही त्याचीच होणार होती.

बाळाचे उपचार कुठवर न्यायचे हे आईवडिलांनी डॉक्टरांबरोबर ठरवावं, असं आमचं नीतिशास्त्र सांगतं. आमच्याकडे ते दोघांपैकी एकाने, बहुतेक वेळा दोघांपैकी कुणीच नाही, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं असतं. फाईलवर आणि बाळाच्या पायातल्या पट्टीवर नाव आईचं असतं, आणि वरच्या मजल्यावर पडलेल्या त्या बाईला कुणी विचारत नाही. मी कागद टेबलावरच ठेवला आणि म्हणाले, "काका, आधी तिच्याशी बोलू द्या. तुम्हीही या." स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला. बीपी गोळ्यांवर आटोक्यात होतं, बोलायला हरकत नाही म्हणाल्या.

मी पलंगाशी स्टूल ओढून बसले. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघायच्या आत तीच बोलली. "कालपासून दूध न्यायला कुणी आलं नाही. तेव्हाच कळलं मला."

दर तीन तासांनी ती हाताने दूध काढून वाटीतून खाली पाठवत होती. पोट फुगायला लागल्यावर आम्ही बाळाचं दूध थांबवलं होतं, आणि तिला ते सांगायचं काम कुणीच अंगावर घेतलं नव्हतं. घरचे जे लपवत होते, ते तिने न नेलेल्या वाटीवरून ओळखलं होतं. मी सगळं सांगितलं. रक्तस्राव, मूत्रपिंडं, पुढची शक्यता. ती रडली, पण तिचं ऐकणं थांबलं नाही. मग विचारलं, "तुमची असती तर?"

या प्रश्नाला बगल द्यायला आम्ही शिकतो. निर्णय तुमचा आहे, असं म्हणून बाजूला होतो. मला हे पटत नाही. वर्षानुवर्षं अशी बाळं सांभाळलेल्या माणसाने मत राखून ठेवायचं आणि बाविशीतल्या बाळंतिणीने एकटीने ठरवायचं, यात तिच्या स्वातंत्र्याचा मान राखला जात नाही. तिला टाकून दिलं जातं. मी म्हणाले, "माझी असती तर तिला आणखी टोचू दिलं नसतं. पण गाडीत घालून नेलंही नसतं. जवळ घेऊन बसले असते."

ती सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "माझी आई येऊ द्या. तोवर मशिन काढायचं नाही. आणि नवीन काही टोचायचं नाही." सासरे काही बोलले नाहीत. खाली आल्यावर नवऱ्यानेच डामाचा कागद उचलला आणि फाडला.

पुढचं काम कायद्याच्या चौकटीत करायचं होतं. ९ मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुख्यतः वैद्यकीय इच्छापत्राबद्दलचा आहे, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे माणसाने आधीच लिहून ठेवणं. नवजात बाळाचं इच्छापत्र कुठलं असणार? पण इच्छापत्र नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्यासाठीही त्यात मार्ग आहे आणि २४ जानेवारी २०२३ ला तो सोपा केला गेला. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर, आणि शक्यतो ४८ तासांत मत. आमचं पहिलं मंडळ त्याच दुपारी बसलं. उपचार वाढवायचे नाहीत, हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, वेदनाशामक चालू ठेवायचं, असं लिहून सह्या केल्या. दुसऱ्या मंडळाची वेळ आलीच नाही. रात्री मंगळवेढ्याहून आजी पोहोचली. बाळ नळीसकट आईच्या छातीवर, कांगारू पद्धतीने ठेवलं. पहाटे ते गेलं.

मोठ्या शहराबाहेर ही मंडळं जमवणं अवघड आहे, हे मी जाणते. दुसऱ्या मंडळासाठी तज्ज्ञ मिळत नाहीत, पत्रं फिरत राहतात. म्हणून माझे कितीतरी सहकारी डामाचा रस्ता धरतात. त्यात डॉक्टरला कुठलाही निर्णय आपल्या नावावर घ्यावा लागत नाही. जिल्ह्याने अशा डॉक्टरांची नेमणूक आधीच करून ठेवली तर हे चित्र बदलेल. मी त्यासाठी अर्ज करते आहे आणि करत राहणार आहे.

आमच्या विभागात आता आईशी डॉक्टर स्वतः बोलल्याशिवाय डामाचा कागद कपाटातून निघत नाही. आई दुसऱ्या गावच्या दवाखान्यात असेल तर व्हिडिओ कॉल करायचा. काही सहकारी म्हणतात, एवढा वेळ कुणाकडे आहे, शिवाय नातेवाईक भडकतात. मी त्यांना त्या दिवसाचा हिशोब सांगते. स्टूल ओढून बसल्यापासून खाली येईपर्यंत पाऊण तास लागला होता.