हायवेला 18, गावात 11

गाडी 2014 ची, पेट्रोल, छोटी. डिसेंबरात नाशिकला थंडी पडली आणि तिचं गावातलं ऍव्हरेज लिटरला 15 वरून 11 वर आलं. मला पहिला संशय पंपावर आला, तो आपल्याकडे सगळ्यांनाच येतो. दोन पंप बदलून पाहिले, फरक काहीच नाही. मग डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून दिवा घालवला आणि 300 रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा परत हजर. दुसरीकडे नेली, तर तिथला मेकॅनिक बॉनेटही न उघडता म्हणाला, "साहेब, ओटू सेन्सर गेला. दोन्ही बदलून टाकू, जमलं तर कन्व्हर्टरपण." ओटू म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, आणि कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा. आकडा 20 हजारांच्या पुढे गेल्यावर मी "घरी विचारून सांगतो" म्हणून निघालो. घरी विचारण्यासारखं काही नव्हतं.

ब्लूटूथचा एक साधा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा छोटा डबा, मागवला. स्टिअरिंगच्या खाली त्याचं सॉकेट असतं, तिथे खोचला आणि मोबाइलवर कोड वाचला: पी0135. बँक एक (सिलिंडरांची पहिली रांग), सेन्सर एक, हीटर सर्किट. सेन्सर एक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडचा, इंजिनाच्या बाजूचा. पलीकडच्या सेन्सरबद्दल कोडची काहीच तक्रार नव्हती. तो बदलायचा कशासाठी?

'हीटर' शब्दावर मी अडलो, कारण एक कोडं डोक्यात होतंच. मधल्या काळात शिर्डीला जाऊन आलो, तेव्हा याच गाडीने व्यवस्थित 18 दिलं होतं. मग उलगडा झाला. हा सेन्सर साधारण 300 अंशांच्या वर तापला तरच धुरातला ऑक्सिजन मोजतो. लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. हीटर मेला, तर सायलेन्सरच्या धुराने तो आपोआप तापेपर्यंत इंजिनाचा कॉम्प्युटर अंदाजपंचे पेट्रोल सोडतो, आणि थंड इंजिनाला सढळ हाताने. माझं ऑफिस 3 किलोमीटरवर. म्हणजे सेन्सर जागा व्हायच्या आत मी गाडी पार्क करत होतो!

खात्री करायला सकाळी गार गाडी सुरू करून मोबाइलवर सेन्सरचा आकडा बघत बसलो. 0.45 व्होल्ट, मख्ख. बराच वेळ तसाच. रिंग रोडला एक फेरी मारली, तेव्हा कुठे तो 0.1 ते 0.8 मध्ये झोके घ्यायला लागला. म्हणजे मोजणारा भाग जिवंत होता.

तरी लगेच सेन्सर घेतला नाही. सर्किटमध्ये फ्यूज आला, वायर आली, आणि आमच्या पार्किंगमधले उंदीरही आले. फ्यूज शाबूत होता. सेन्सरच्या वायरीचा कपलर (जोड) सोडवला, चावी ऑन करून गाडीकडच्या बाजूला मल्टिमीटर लावला, 12 व्होल्ट येत होते. सेन्सरच्या चार वायरींपैकी दोन पांढऱ्या, एकाच रंगाच्या, त्या हीटरच्या. त्यांच्यात ओहम मोजले तर मीटर ढिम्म, सर्किट आतूनच तुटलेलं. दुकानात नव्या सेन्सरवर तेच मोजून पाहिलं, 9 ओहम आले. काउंटरवरचे काका हसले, पण मोजू दिलं. 3,400 रुपये.

खरी लढाई काढताना झाली. सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी इंजिन जरा कोमट केलं, मग बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढली. 22 नंबरचा फिक्स पाना लावला, तो घसरून बोटाची साल गेली. रिंग पाना वायरीमुळे वरून बसत नाही. शेवटी जुन्या सेन्सरच्या वायरी कटरने छाटून टाकल्या. नवा हातात होता, मोजून घेतलेला, म्हणून एवढी हिंमत झाली. रिंग बसला. त्याला दोन फुटी पाइप अडकवून जोर लावला, तशी आधी 'कट्ट' आवाज आला. काळजात धस्स झालं, पण आटा तुटला नव्हता, सुटला होता.

नव्याच्या आट्यांना ग्रीससारखी पेस्ट कंपनीकडूनच लावलेली होती. ती टोकाला लागू नये म्हणून जपून, आधी हातानेच फिरवत बसवला, मग पान्याने आवळला. वायर सायलेन्सरला टेकणार नाही अशी क्लिपमध्ये अडकवली.

कोड पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत आकडा एका मिनिटाच्या आत हलायला लागला. महिना झाला, दिवा लागलेला नाही. गावातलं ऍव्हरेज मात्र 14 वरच अडकलंय, 15 काही होत नाही. टायरमधली हवा बघायची राहिलीय.