ठाणे ते करंजा: बहात्तर व्होल्टची गाडी आणि बाजारातला अडॅप्टर

आत्याकडे उरणजवळच्या करंजाला दीड दिवसाचा गणपती असतो. दरवर्षी आम्ही नौपाड्याहून माझ्या गाडीने जातो. यंदा दाजी म्हणाले, माझीच गाडी काढू. एका टॅक्सी कंपनीच्या ताफ्यात चार-पाच वर्षं पळालेली इलेक्ट्रिक सेडान त्यांनी चैत्रात विकत घेतली आहे. गाडी नीट सांभाळलेली आहे, फक्त फुल चार्जवर ती आता ८५ ते ९० किलोमीटरच जाते. नौपाडा ते करंजा जाऊन-येऊन शंभरच्या आसपास होतं, म्हणजे कुठेतरी एकदा चार्ज करावंच लागणार.

या गाडीला फास्ट चार्जिंगचं जे सॉकेट आहे ते जीबीटी जातीचं, म्हणजे चिनी मानकाचं, नऊ पिनांचं. आज रस्त्यावर बहुतेक सगळीकडे सीसीएस२ या दुसऱ्या मानकाची गन (चार्जरच्या केबलचं गाडीत खोचायचं टोक) असते. म्हणून दाजींनी ऑनलाइन एक अडॅप्टर मागवला होता. किंमत ४०,००० च्या आतबाहेर. डब्यावर छापलेलं होतं: १००० व्होल्ट, २५० अँपिअर. हातात घेतला तर चांगला दीड-दोन किलोचा, वजनावरून माल भक्कम वाटावा असा.

सकाळी साडेसहाला निघालो. गाडीत पाच माणसं, मांडीवर मोदकांचा डबा आणि बाहेर पाऊस. कळवा पुलावरून विटाव्याला आलो, तिथे रेल्वेखालच्या रस्त्यात घोटाभर पाणी होतं. या दिवसांत जाणार असाल तर विटाव्यात पाणी किती आहे ते आधी कुणाला तरी विचारून घ्या. जास्त असेल तर मुलुंडहून ऐरोली पुलावरून उतरा. पुढे ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळाला. रबाळे, घणसोली, तुर्भे करत बेलापूरला पोहोचलो तेव्हा बॅटरी ७१ टक्के होती.

तिथल्या एका चार्जरवर अर्धा तास लावू, म्हणजे येतानाची काळजी नको, असा दाजींचा बेत. आमच्या पुढे दोन गाड्या होत्या. नंबर आल्यावर गन अडॅप्टरमध्ये खोचली, अडॅप्टर गाडीत. अडॅप्टरवरचा दिवा हिरवा झाला, चार्जरच्या पडद्यावर चाक फिरलं आणि मिनिटाभरात सेशन फेल. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, अडॅप्टरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा.

मी रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. यंत्र चालेना की आधी नेमप्लेट वाचायची, ही तिथली सवय. चार्जरच्या पाटीवर लिहिलं होतं: आउटपुट डीसी २०० ते १००० व्होल्ट. दाजींच्या गाडीच्या बॅटरीवरची पाटी सांगत होती ७२ व्होल्ट. तिसऱ्यांदा गन लावायला दाजी निघाले होते, त्यांना तिथेच थांबवलं.

याच्यात कुणाचीही फसगत होऊ शकते, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्याकडे सुरुवातीला जे 'भारत डीसी-००१' चार्जर आले ते १५ किलोवॉटचे आणि कमी व्होल्टेजच्या गाड्यांसाठीच होते: ४८, ६० किंवा ७२ व्होल्ट, कमाल २०० अँपिअर. ई-व्हेरिटो आणि पहिली टिगोर ईव्ही त्याच पिढीतल्या, ७२ व्होल्टच्या. त्या चार्जरची गन जीबीटी. चीनमध्ये मात्र हीच गन कितीतरी जास्त व्होल्टेजच्या गाड्यांना लागते, आणि बाजारात मिळणारे अडॅप्टर त्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यामुळे अडॅप्टर दाजींच्या गाडीत अगदी घट्ट बसतो. पण समोरचा चार्जर २०० व्होल्टच्या खाली उतरूच शकत नाही. गाडी ७२ मागते, चार्जर नाही म्हणतो. कुठलंही फर्मवेअर हे बदलू शकणार नाही. उलट एखादा अडॅप्टर चार्जर सुरू व्हावा म्हणून गाडीची मागणी वाढवून सांगायला लागला, तर तो दिवस वाईट. आमचा चार्जर नाही म्हणाला, हे आमचं भाग्य.

आणि हे अडॅप्टर म्हणजे मोबाइलच्या पिनेसारखा तारेला तार जोडणारा तुकडा नव्हे. सीसीएस२ चार्जर गाडीशी पायलट नावाच्या सिग्नलच्या तारेवरून एका भाषेत बोलतो, जीबीटी गाडी कॅनबस नावाच्या वेगळ्या तारांवरून दुसऱ्या. मध्ये दुभाषा लागतो. म्हणून या डब्यात सर्किट असतं, सॉफ्टवेअर असतं आणि ते जागं ठेवायला स्वतःची छोटी बॅटरीही असते. ती बॅटरी उतरली की रस्त्यावर डबा मुका.

पण माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच गोष्टीने. गन काढायची म्हणून मी अडॅप्टरचा खटका दाबायच्या आधीच जरा ओढली, तर ती अडॅप्टरमधून सरळ बाहेर आली. खटका अडकतच नव्हता. सीसीएस२ च्या गाडीत चार्जिंग चालू असताना गन गाडीच्या खाचेत कुलूपबंद असते, ओढून निघत नाही. मध्ये अडॅप्टर आला की गन धरून ठेवायचं काम अडॅप्टरने करायला हवं. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. भरल्या करंटवर गन सुटली तर जो जाळ निघतो तो ओढत जातो आणि समोर माणसाचा हात असतो. आमच्या मागे छत्री धरून माझी आठ वर्षांची भाची उभी होती.

दुसरी गोष्ट उष्णतेची. एका सांध्याऐवजी दोन सांधे होतात. २०० अँपिअरवर सांध्यात १ मिलीओहम जरी रोध असला तरी ४० वॉट उष्णता तिथेच साठते. पिना काळवंडल्या, सैल झाल्या की रोध आणि उष्णता दोन्ही वाढतात. म्हणून अडॅप्टरच्या आत पिनांपाशी तापमानाचा सेन्सर असणं आणि तापल्यावर त्याने करंट कमी करायला लावणं, हे मी छापलेल्या अँपिअरपेक्षा जास्त मोलाचं मानतो. अमेरिकेत अशा अडॅप्टरसाठी यूएल २२५२ हे वेगळं मानक आहे. विक्रेत्याकडे त्याचं किंवा तशाच दुसऱ्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा. 'सीई (युरोपात विकायच्या मालावरची खूण) आहे' एवढंच उत्तर आलं तर मी पैसे देणार नाही. त्याहून आधी गाडीच्या कंपनीला लेखी विचारा की हा अडॅप्टर चालेल का. आणि गन पोचत नाही म्हणून कुणी डीसीची एक्स्टेन्शन केबल देऊ केली तर घेऊ नका. आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकात गाडीच्या चार्जिंगला एक्स्टेन्शन चालत नाही.

तुमची गाडी नेक्सॉन ईव्ही, झेडएस ईव्ही अशी सीसीएस२ ची असेल तर या सगळ्यात पडायचं कारणच नाही. आपल्याकडे तुम्हाला अडॅप्टर लागतच नाही.

बेलापूरहून उरण फाटा, गव्हाण फाटा, जासई. जासईपासून बंदराचे ट्रेलर सुरू होतात. तिथे एकदा अडकलं की एसी, वायपर आणि दिव्यांवर टक्के जात राहतात. करंजाला टेकलो तेव्हा ४१ उरले होते. येताना ५५ तरी हवेत.

आरती झाली, जेवणं झाली. आतेभावाने कौतुकाने ओटीवर बोर्ड काढून दिला: सहा अँपिअरचा एक्स्टेन्शन, त्यावर सोळाचा प्लग बसावा म्हणून कन्व्हर्टर. दाजींनी गाडीची पोर्टेबल केबल लावली. पाऊण तासाने आत्याच म्हणाली, "काय रे, कायतरी जळल्याचा वास येतोय." कन्व्हर्टरचं प्लास्टिक मऊ पडून एका बाजूने पिवळं झालं होतं. १५ अँपिअर करंट आणि पाव ओहमचा सैल सांधा, म्हणजे ५६ वॉट. जुन्या साठच्या पिवळ्या बल्बची उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत, तीही तासन् तास. गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर ओढते. हजारोंचा अडॅप्टर नुसता चालला नाही, पण घराला आग लागली असती ती या पन्नास रुपयांच्या तुकड्याने.

मग आतल्या खोलीतला एसीचा प्लग काढला. त्या पॉइंटला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) होता. माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो; फेज ते अर्थ २३० च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थ दीड-दोन व्होल्ट, म्हणजे अर्थिंग वरवर तरी ठीक. केबल खिडकीतून सरळ गाडीपर्यंत गेली, मध्ये काहीही नाही. वीस मिनिटांनी प्लगला हात लावून पाहिला, कोमट होता. तासाने पुन्हा पाहिला, तेवढाच. चटका बसला तर बंद करायचं, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून झोपलो. आत्याची खोली त्या रात्री पंख्यावर होती. सकाळी सहाला गाडी १०० टक्के.

जुन्या ७२ व्होल्टच्या गाडीने इकडे येणार असाल तर मुक्कामाच्या घरी अशी वेगळी लाइन आहे का ते आठवडाभर आधी विचारा, आणि तिथेच रात्रभर चार्ज करा. वाटेतल्या जुन्या १५ किलोवॉटच्या चार्जरवर भिस्त ठेवू नका. ॲपवर हिरवा ठिपका दिसला तरी निघण्याआधी तिथे फोन करून तो आज चालू आहे का ते विचारा.

विसर्जन करून निघालो, नौपाड्यात पोहोचलो तेव्हा ३८ टक्के होते. अडॅप्टर परत घ्यायला विक्रेता अजून तयार नाही. दाजींनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सोबत दोन्ही पाट्यांचे फोटो जोडले, चार्जरची आणि बॅटरीची. या रविवारी त्यांच्या सोसायटीत मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन ओढायची आहे: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, २० अँपिअरचा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). काल टेप लावून मोजलं, ३१ मीटर भरलं.