१९१४ च्या युरोपचे बलाबल मोजताना

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना पहिल्या महायुद्धाच्या प्रकरणापाशी एक प्रश्न हटकून येतो: १९१४ मध्ये युरोपातील सर्वांत बलाढ्य राष्ट्र कोणते? पुस्तकांतील तक्ता पाहिला, तर लोकसंख्येत रशिया, पोलादात जर्मनी आणि नौदलात ब्रिटन, अशी तीन वेगळी उत्तरे निघतात. माझे मत असे आहे की आपल्याकडील संपत्ती सैन्यासाठी उभी करण्याची कुवत त्या त्या राज्यव्यवस्थेत किती होती, हे पाहिल्यावाचून या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

पोलादाचे आकडे खरोखर थक्क करणारे आहेत. १९१३ मध्ये जर्मनीचे उत्पादन पावणेदोन कोटी टनांच्या घरात होते आणि ब्रिटनचे पाऊण कोटीच्या थोडे वर. १८७१ मध्ये फ्रान्सकडून घेतलेल्या लोरेनच्या पट्ट्यात लोहखनिज मुबलक होते, परंतु त्यात स्फुरद जास्त असल्यामुळे त्याचे पोलाद ठिसूळ होत असे. लंडनच्या पोलीस न्यायालयात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने वेल्समधील आपल्या रसायनतज्ज्ञ मामेभावाच्या मदतीने १८७८-७९ च्या सुमारास यावर उपाय शोधला. भट्टीला चुनखडीच्या जातीच्या दगडाचे अस्तर लावून आत चुना टाकला की स्फुरद मळीत उतरे, आणि ती मळी दळून शेताला खत म्हणूनही विकली जाई. शोध इंग्रजांचा, पण त्याचे सर्वांत मोठे फळ जर्मनीच्या पदरात पडले.

मग इतके पोलाद असूनही जर्मनी आरमारी स्पर्धेत मागे का राहिला? याचे उत्तर मला करपद्धतीत दिसते. जर्मन नौदलमंत्री तिरपिट्झने १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी आरमार वाढवायला घेतले. १९०६ मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धर्तीची प्रचंड युद्धनौका समुद्रात उतरल्यावर एकेका जहाजाचा खर्च भलताच वाढला, इतका की अशी अवजड जहाजे जाण्यासाठी जर्मनीला कील कालवाही रुंद करावा लागला आणि ते काम १९१४ च्या जूनमध्ये पुरे झाले. जर्मन साम्राज्य सरकारच्या हाती मात्र प्रामुख्याने जकात आणि अप्रत्यक्ष कर होते. प्राप्तिकर प्रशिया, बव्हेरिया यांसारख्या घटक राज्यांकडे होता. १९०९ मध्ये चान्सलर ब्यूलोव्हने वारसा कर वाढवायचा प्रयत्न केला, तेव्हा जमीनदारांच्या पक्षाने तो हाणून पाडला आणि ब्यूलोव्हला पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्जने जहाजे आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन या दोन्हींच्या खर्चासाठी धनिकांवर जादा प्राप्तिकर आणि जमिनीवर नवे कर सुचवले. उमरावांच्या सभागृहाने तो अर्थसंकल्प फेटाळला. परंतु निवडणूक होऊन १९१० मध्ये तो मंजूर झाला आणि १९११ च्या कायद्याने त्या सभागृहाचा अर्थविषयक नकाराधिकारच काढून घेतला. एकाच वर्षी दोन्ही देशांतील श्रीमंतांपुढे संरक्षणाचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न आला आणि दोन राज्यव्यवस्थांनी त्याची दोन उत्तरे दिली. विद्यार्थ्यांना मी हे वर्ष आवर्जून लक्षात ठेवायला सांगतो.

जमिनीवरचे चित्र वेगळे होते. फ्रान्सची लोकसंख्या जेमतेम चार कोटी असल्यामुळे त्याने १९१३ मध्ये सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षांवर नेली आणि रशियाला कर्ज देताना रेल्वेमार्ग जर्मन सीमेपर्यंत यावेत असा आग्रह धरला. रशियाचे १७ कोटी लोक सीमेवर वेळेत पोहोचणार नसतील, तर ती संख्या कागदावरच राहणार होती. जर्मनीची ताकद नेमकी येथे होती: ऑगस्ट १९१४ मध्ये कोलोनच्या पुलावरून साधारण दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी ऱ्हाइन ओलांडत होती. वेगाने जिंकायच्या युद्धासाठी इतकी सज्ज व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे नव्हती. लांबलेल्या युद्धात मात्र कर्ज काढण्याची पत, सागरी मार्ग आणि कच्चा माल यांना महत्त्व येणार होते आणि तेथे ब्रिटन वरचढ होता.

ब्रिटनची लोकसंख्या साडेचार कोटी असे लिहून थांबणारा तक्ता मला म्हणूनच अपुरा वाटतो. आपल्या शेजारच्या देवळालीची छावणी ब्रिटिश फौजांची ये-जा करण्याची जागा होती, हे नाशिककरांना सांगायला नको. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली, मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील फौजेला शरण जावे लागले. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने दहा कोटी पौंडांची रक्कम ब्रिटनला युद्धखर्चासाठी ‘भेट’ म्हणून दिली, आणि त्या निर्णयात करदात्या रयतेचे मत कोणी विचारले नव्हते. लॉइड जॉर्जच्या करांवर इंग्लंडात निवडणूक झाली होती. ब्रिटनच्या सामर्थ्याचा हा दुसरा आधार मात्र अशा कोणत्याही संमतीवाचून उभा होता, आणि १९१४ चा हिशेब मांडताना तो ब्रिटनच्या रकान्यात स्वतंत्रपणे दाखवायला हवा.