पंचेचाळिशीत पुन्हा वेटलिफ्टिंग: माझा अनुभव आणि एका सर्टिफिकेटची रड

कॉलेजात असताना सांगलीला मी ५८ किलो वजनाच्या मुलींच्या गटात वेटलिफ्टिंग करायचे. २००० साली सिडनीत बायकांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात स्नॅच (बार एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर) ११० आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३०, असे एकूण २४० किलो उचलून ब्राँझ आणलं, आणि आमच्या हॉस्टेलच्या काही पोरी थेट व्यायामशाळेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांतली मी एक. पुढे लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले, दोन बाळंतपणं झाली, पतसंस्थेत चिकटले. बार, म्हणजे वजनाची ती लोखंडी दांडी, सुटला तो वीसेक वर्षं सुटलाच.

परत सुरू करावंसं वाटलं ते कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भराभर विरळ व्हायला लागतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. हाडांवर भार पडला की ती टिकतात, हेही त्याच म्हणाल्या. म्हटलं, भार टाकायचं तर आपल्याला येतं.

आमच्याकडच्या खासगी जिमांत मशीन भरपूर, पण बार खाली टाकायची सोय नाही. फरशी फुटेल म्हणून मालक आधीच हात जोडतो. लाकडी प्लॅटफॉर्म आणि आपटली तरी चालणारी रबरी वजनं (बंपर प्लेट) असलेली जागा एकच, तालुक्याचं क्रीडा संकुल. तिथला फॉर्म दोन पानी. पहिलं पान काउंटरवर उभ्या उभ्या भरून झालं. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ४० वर्षांवरील अर्जदारांनी अस्थिरोगतज्ज्ञाच्या सहीचे वैद्यकीय प्रमाणपत्र व ३० दिवसांच्या आतील ईसीजी जोडावा.

माझा तपासणीला विरोध नाही. जड वजन उचलताना आपण श्वास कोंडतो आणि तेवढ्या क्षणापुरतं बीपी चांगलंच वर जातं. चाळिशीनंतर बीपी न बघता कुणी बारखाली जाऊच नये. पण हाडांच्या डॉक्टरची सही?

सरकारी दवाखान्यात केसपेपर, बीपी, ईसीजी सगळं एका सकाळी उरकलं. हाडांचे डॉक्टर मात्र बाहेरून येतात, ठरलेल्या वारी. त्या वारी रजा टाकून गेले तर ते शिबिराला गेलेले. पुढच्या खेपेला आले होते, पण ऑपरेशनमध्ये. मग गणपती आले. गणपतीत कोकणात कुठलं सरकारी काम होतं? गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतले तेव्हा कुठे बाकावर माझा नंबर लागला.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"काही होत नाही."

"मग आलात कशाला?"

फॉर्म पुढे केला. वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, या वयात योगा करा. वजनं कशाला उचलताय?" मी म्हटलं, पूर्वी करत होते. तर म्हणाले, "पूर्वीचं सोडा." आणि दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे लिहून दिले. गुडघ्याला हात लावला नाही, एक बैठक मारायला सांगितली नाही. मी तिथल्या तिथे दहा मारून दाखवल्या असत्या. एक्स-रेचा माणूस रजेवर. तो आल्यावर फिल्म काढली, तोवर डॉक्टरांचा वार गेला. किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. पतसंस्थेत माझ्या शेजारी बसणारी मात्र मोजत होती, कारण माझ्या काउंटरची रांग तिच्याकडे वळायची.

शेवटी सही मिळाली. सगळे कागद क्रमाने टाचून संकुलात गेले. तिथल्या क्लार्कने ईसीजीच्या तारखेवर बोट ठेवलं.

"ताई, हा जुना झाला."

"हृदय तेच आहे हो."

"ते खरं, पण तीस दिवस उलटलेत."

आणि नवीन ईसीजी काढायचा तर डॉक्टरांच्या सहीची तारीख ईसीजीच्या नंतरची हवी, म्हणजे परत तोच वार, तोच बाक. मी घरी आले आणि भांडी घासली. आमच्या घरात मी चिडलेली आहे हे तशानेच कळतं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, एवढी हौस आहे तर विहिरीवरच्या कळशा आण भरून. त्याला कुणाची सही लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी संकुलाच्या नावाने अर्ज टाइप केला. भाषा गोड, मागणी एकच: अस्थिरोगतज्ज्ञाच्या सहीची अट कोणत्या नियमानुसार आहे ते कृपया लेखी कळवावे. दोन प्रती नेल्या, एक आवकला दिली, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. इतकी वर्षं मी लोकांकडे केवायसीचे कागद मागत आले आहे, कागदाला उत्तर कागदानेच निघतं एवढं मला कळतं. लेखी उत्तर आजतागायत आलेलं नाही. फोन मात्र लगेच आला. ती अट म्हणे दुसऱ्याच कुठल्या तरी फॉर्मवरून यात आली होती. साध्या एमबीबीएस डॉक्टरचं प्रमाणपत्र चालतं, फक्त शिक्क्यात नोंदणी क्रमांक हवा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी घेतलं, ताजा ईसीजी पाहिला, सही केली आणि वर विचारलं, "स्नॅच अजून जमतो का?" ह्या एका प्रश्नासाठी त्यांना मी यंदा आंब्याची पेटी देणार आहे.

तर कुणाला जायचं असेल त्यांनी ईसीजी बाकी सगळं झाल्यावर, डॉक्टरांच्या सहीच्या अगदी आधी काढावा. आणि फॉर्ममध्ये विचित्र अट दिसली तर धावपळ करण्याआधी नियम विचारावा, तोही लेखी.

आता खरं काम. पहिल्या दिवशी एक पोरगा अदबीने म्हणाला, "काकू, छोटे डंबेल तिकडे आहेत." मी म्हटलं, मला बायकांचा बार दे. बायकांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड असतो, पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटर. हात लहान असेल तर हे तीन मिलिमीटर फार मोठे, कारण अंगठा बोटांखाली दाबून धरायची हूक ग्रिप त्यावरच अवलंबून. तो बार कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला, कुणी वर्षानुवर्षं हात न लावलेला. खाऱ्या हवेने पकडीच्या खाचांत तांबडा गंज भरलेला, आणि प्लेट घालायच्या टोकाची एक बाजू फिरतच नव्हती. हे नीट बघा. क्लीनमध्ये बार खांद्यावर येताना ती टोकं मोकळी फिरली पाहिजेत, नाहीतर तो सगळा पीळ मनगटात आणि कोपरात उतरतो. नायलॉनच्या ब्रशने गंज काढला, शिवणयंत्राचं तेल सोडलं, दोन दिवस फिरवत राहिले तेव्हा सुटली. खोबरेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं.

जुने बूट माळ्यावरून काढले तर वर बुरशी, आणि सोल हातात आला. आपल्या दमट हवेत सोलचा फोम आणि गोंद, दोन्हींचा भुगा होतो. नवे घ्यायचे तर टाच उंच आणि टणक बघून घ्या. पळायचे मऊ बूट घालून स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) करू नका.

शरीर मात्र भराभर परत आलं. व्यायामाने स्नायूपेशींत वाढलेली केंद्रकं व्यायाम सुटल्यावरही टिकून राहतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसाचं नक्की काय ते असो, माझ्या मांड्यांना सगळं आठवत होतं. गोम इथेच आहे. स्नायू लवकर येतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश. वजन हाताला हलकं लागायला लागतं तेव्हाच कोपराला आणि गुडघ्याखाली दुखणं सुरू होतं. म्हणून मी बरेच दिवस मोकळ्या बारवरच होते. पोरं हसली, हसू देत.

बायकांसाठी एक सांगायचं राहिलं. बाळंतपणं झाली असतील तर जड स्क्वॉटला लघवीचा थेंब सुटतो. लाजून व्यायाम सोडू नका, फिजिओथेरपिस्टकडे जा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि श्वास यांचा मेळ ती शिकवते, आणि फरक पडतो.

प्रोटीनच्या डब्यावर पैसे घालवले नाहीत. बांगडा, तारली, कुळथाची पिठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुकट आणि अंडी. सुकटीत मीठ असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी बेताने.

माझा ५८ किलोचा गट २०१८ मध्ये बंद झाला होता, तो जून २०२५ मध्ये परत आला. मी काही त्यात परत जात नाही. आता माझं वजन ६९ च्या गटात बसतं, म्हणजे मल्लेश्वरीच्या गटात. तिने स्नॅचला उचललं तेवढं मी दोन्ही मिळूनसुद्धा उचलत नाही. मास्टर्स, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंच्या, स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात, माझा ४५ ते ४९. जिल्ह्यात माझ्या वयाची दुसरी कुणी असेल तर या बाई, एकटीने पहिलं येण्यात मजा नाही.

आणि हो, सर्टिफिकेटचं दर वर्षी नूतनीकरण आहे. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, पावसाळ्यात फायलीत ठेवला तर अक्षरं उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. लॅमिनेट करायला देऊ नका, गरम रोलरखालून तो अख्खा काळा होऊन बाहेर येतो.