साहेबांचा प्रश्न

विधानसभेचं अधिवेशन जाहीर झालं की आमच्याकडे सुट्ट्या रद्द. भोपाळला 230 आमदार, आणि त्यातल्या कुणीही काही विचारलं तरी धूळ शेवटी तहसिलीच्या कपाटावरचीच झटकावी लागते. त्या सकाळी प्रश्न आला तो अविवादित नामांतरणाचा, म्हणजे वाद नसलेल्या जमिनीच्या फेरफाराचा. विचारणाऱ्याचं नाव वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. आमचे जुने साहेब!

इंदूर जिल्ह्यातल्या याच तहसिलीत ते तहसीलदार होते आणि मी त्यांचा रीडर, म्हणजे कोर्टातला कारकून. कोर्टात हिंदी, डायसवरून उतरले की मराठी. लोकसेवा आयोगातून नायब तहसीलदार, मग तहसीलदार, पुढे डिप्टी कलेक्टर, आणि एक दिवस राजीनामा. शासकीय पदावर राहून आमदारकी लढवता येत नाही, संविधानाचा अनुच्छेद 191 आडवा येतो. राजीनामा मंजूर होणं हीसुद्धा एक लढाईच. डिप्टी कलेक्टर निशा बांगरेंना 2023 मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. साहेबांचा त्या मानानं लवकर सुटला.

गंमत अशी, की विधानसभेला उत्तरं कशी द्यायची हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ कधी लिहायचं, ‘शेष प्रश्न उपस्थित नहीं होता’ म्हणून कुठे सुटायचं, सगळं. वर एक ताकीद: "विचारलं तेवढंच. न विचारलेलं कागदावर येता कामा नये."

आता तोच माणूस पलीकडे बसून विचारत होता, आणि एकही दार उघडं ठेवलं नव्हतं. नुसती संख्या नको. 2014 पासून, वर्षवार, ‘दायरा पंजी अनुसार’, म्हणजे दाखल प्रकरणांच्या नोंदवहीप्रमाणे, दाखल दिनांक आणि आदेश दिनांकासह. माहिती गोळा होतेय म्हणायची सोय नाही, कारण पंजी आमच्याच कपाटात आहे हे त्यांना ठाऊक. नवखा आमदार ‘किती प्रकरणे प्रलंबित आहेत’ एवढंच विचारतो आणि गोल आकडा घेऊन घरी जातो.

दुपारी जुन्या पंज्या काढल्या तेव्हा लक्षात आलं, 2014 म्हणजे साहेबांचाच काळ! मुदत उलटलेली प्रकरणं त्यातही होती. काही पटवाऱ्याच्या अहवालापायी अडकलेली, काही उगाच. आदेशाखाली सह्या त्यांच्या. आमच्या वरिष्ठांचा चेहरा फुलला. "टीप जोडा, पीठासीन अधिकारी कोण होते ते येऊ दे." लोकसेवा गॅरंटीचा, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून देण्याचा, कायदा मध्य प्रदेशानं देशात सर्वांत आधी, 2010 मध्ये केला, त्यात उशिराला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000, तेही अधिकाऱ्याच्या खिशातून. ते 5000 वरिष्ठांच्या डोळ्यांपुढे नाचत असावेत.

मी म्हटलं, "सर, नावं विचारलेली नाहीत." त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला, (क) पासून (घ) पर्यंत. टीप गेली नाही. परिशिष्ट तेवढं गेलं, तारखा जशाच्या तशा.

सभागृहात प्रश्नाचा नंबर लागलाच नाही, प्रश्नोत्तराचा तास संपला. उत्तर छापून मात्र आलं. पुढे एका लग्नात साहेब भेटले. पंगतीत शेजारीच बसवून घेतलं.

"माझ्या काळातली किती निघाली?"

सांगितलं.

"मग नावं का नाही दिलीत?"

"विचारली नव्हती, साहेब."

ते जोरात हसले. श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हणाले, "पुढच्या अधिवेशनात विचारतो. दंडासकट."