उधाण की ओहोटी?

व्हिएतनाममध्ये कांतोला एका भातगिरणीत नवी यंत्रं बसवायचं काम चालू होतं. कांतो हाउ नदीवर, म्हणजे मेकाँगच्या एका मोठ्या फाट्यावर. समुद्र तिथून सुमारे 80 किलोमीटर, तरी भरती-ओहोटी गावात दिवसातून दोनदा येते. गिरणी नदीला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठावर होती, त्यामुळे सगळं सामान बार्जनेच यायचं.

बार्जवाले काका वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान, म्हणून मी त्यांना 'चू' म्हणायचो. त्या संध्याकाळी त्यांनी कंट्रोल पॅनेलचे खोके धक्क्यावर उतरवले आणि ते गेले. रात्री त्यांचा मेसेज आला, नेहमीसारखा अक्षरांवरच्या स्वरखुणा न देता टाइप केलेला: उद्या सकाळी 'नुओक रोंग'.

नुओक म्हणजे पाणी. (देशालाही हाच शब्द आहे.) रोंग म्हणजे ओहोटी, हे मला दोन वर्षांत पाठ झालं होतं. म्हटलं, ठीक, सकाळी पाणी उतरणार. क्रेन दहाला येणार होती. खोके तिथेच राहू दिले आणि मी झोपलो.

पहाटे पाचला वॉचमनचा फोन. जाऊन पाहतो तर धक्क्यावर पोटरीभर पाणी, आणि खालचे दोन खोके त्यात बसलेले.

तापलोच होतो. चू आल्या आल्या त्यांना मेसेज दाखवला, "तुम्हीच ओहोटी लिहिलंत!" त्यांनी माझ्या डायरीत दोन शब्द लिहिले. एकावर तिरकी रेघ, दुसऱ्यावर काही नाही. मग म्हणून दाखवले. रेघेचा 'रोंग' म्हणताना आवाज खाली सोडायचा, ती ओहोटी. बिनरेघेचा सपाट आवाजात, तो पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा मोठा भरतीचा काळ. पाणी उतरतं त्या शब्दात आवाजही उतरतो, एवढंच लक्षात ठेव, म्हणाले. फोनवर रेघ गळली की दोन्ही सारखेच दिसतात.

इंग्रजीतून समजून घेताना मला तेव्हाही वेळ लागला असता. मराठीत मात्र लगेच पटलं: अरे, हे तर उधाण! अष्टमीच्या सुमारास पाणी फारसं चढत-उतरत नाही, त्याला ते 'नुओक केम' म्हणतात, म्हणजे कमी पडणारं पाणी. आमच्याकडे कोकणात त्यालाच भांग म्हणतात.

चूंच्या बोलण्यात नदी जिवंतच असते. 'सोंग' म्हणजे नदी, पण एक नदी म्हणायची तर आधी 'कोन' लावायचं. मांजराला, माशालाही तेच. (सुरीलाही लावतात, त्यामुळे यावरून फार काव्य करण्यात अर्थ नाही.) भरती-ओहोटीच्या फेऱ्यालाही 'कोन नुओक'. चू वेळ घड्याळावर कमी आणि त्या फेऱ्यावर जास्त सांगायचे.

खरं तर चूक माझीच. ओहोटी रोज दोनदा येते, तिच्यासाठी कोण मुद्दाम मेसेज करेल? त्यांनी सावध केलं होतं, मी ते वेळापत्रक समजून वाचलं. पॅनेल उघडून ब्लोअरने वाळवायला तीन दिवस गेले.

रात्री दाभोळला घरी फोन केला. बाबांना सगळं रंगवून सांगितलं: रेघ, स्वर, मेसेज. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले,

"परवा कोजागिरी ना रे? मग धक्क्यावर सामान ठेवलंस कशाला?"