तीनच वर्षं, ८३ सामने

"मग तो लांबून तीनचा शॉट का नाही मारायचा?" भाचीने घास हातात धरूनच विचारलं.

२०२४ मध्ये केटलिन क्लार्क या मुलीने अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधला जुन्या काळच्या पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम मोडला, एवढंच मी सांगत होते.

अगं, मॅराविचच्या काळात तीनची रेषाच नव्हती, जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण मिळतात! पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघातही घेत नसत, म्हणून त्याला तीनच वर्षं मिळाली. तरी सामन्यामागे ४४.२ गुण. (दोघांची तुलना करणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.)

१९८८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, असंच गंमत म्हणून खेळताना तो कोसळला. शवविच्छेदनात कळलं, हृदयाची डावी मुख्य धमनी जन्मतःच नव्हती.

भाची गप्प. मग हळूच, "म्हणजे कॉलेजात धावायचा तेव्हाही नव्हती?"